साउंड कार्ड बसवताना: डब्यातला कागद, कॅबिनेटच्या झिणझिण्या आणि अर्थिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, घरातल्याच खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करण्यासाठी असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे. त्यात पीसीआय एक्सप्रेस साउंड कार्ड (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं, आवाज आत घेणारं आणि बाहेर देणारं कार्ड) बसवायचं आहे. डब्यात सुरक्षेच्या सूचनांचा इंग्रजी कागद आहे. त्यावर एफसीसी (अमेरिकेचं) आणि सीई (युरोपचं) ही चिन्हं आहेत, पण आयएसआय किंवा बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह कुठेच नाही. मग हे कार्ड आपल्याकडे कायदेशीर आहे का? ते स्वतः बसवलं तर चालतं का? आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

तिन्हींची उत्तरं आधी देतो. बीआयएसचं चिन्ह नाही एवढ्यावरून कार्ड बेकायदा ठरत नाही. ते बसवायला परवाना लागत नाही, स्वतः बसवा. पण झिणझिण्या थांबेपर्यंत कार्ड डब्यातच राहू द्या. त्या कागदावरची सगळी हमी कॅबिनेटला खरंखुरं अर्थिंग आहे असं गृहीत धरून दिलेली असते. अर्थिंग नसेल तर कार्ड कितीही नामांकित असो, तुमच्या खोलीत तो कागद लागू होत नाही.

‘ऑपरेटर अ‍ॅक्सेस एरिया’ म्हणजे काय

साउंड कार्डाच्या कागदावर एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: हे कार्ड प्रमाणित कॉम्प्युटरमध्ये, उत्पादकाने ठरवलेल्या ‘ऑपरेटर अ‍ॅक्सेस एरिया’त वापरणाऱ्याने बसवायचं आहे. वाचून माणूस बिचकतो, पण अर्थ सरळ आहे. सुरक्षेच्या मानकात यंत्राच्या आतल्या जागेचे दोन भाग मानले आहेत. एका भागात साध्या वापरणाऱ्याने हात घातला तरी चालतो, दुसऱ्यात फक्त जाणकार कारागिराने घालायचा. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढल्यावर दिसणारे स्लॉट, रॅम, पुढच्या पॅनेलच्या वायरी हा पहिला भाग. एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाची, पत्र्याची पेटी उघडली की दुसरा भाग सुरू झाला.

ही रेघ व्होल्टेजवरून ओढलेली आहे. स्लॉटमध्ये ३.३ आणि १२ व्होल्ट डीसी असतात, जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये ५ व्होल्टही. हाताला लागू शकेल अशा डीसीची मर्यादा मानकात ६० व्होल्ट आहे, त्यामुळे इथे शॉकची भीती नाही. एसएमपीएसच्या आत मात्र २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफाय होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ तो भार धरून ठेवतो. म्हणून साउंड कार्डासाठीच काय, धूळ साफ करण्यासाठीसुद्धा एसएमपीएस उघडू नका.

१२ व्होल्ट म्हणजे अगदी निर्धास्तही नव्हे. शॉक बसत नाही, पण एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ३० अँपिअर सहज देऊ शकते. अंगठी किंवा कडं त्या लाइन आणि कॅबिनेटच्या मध्ये आलं तर धातू क्षणात लाल होतो आणि बोट भाजतं. मानकात २४० व्होल्ट-अँपिअरच्या वरचा पुरवठा ‘ऊर्जेचा धोका’ म्हणून वेगळा मोजतात तो यासाठीच. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. प्लग काढलेला असला तरी काढा, सवय लागते.

‘प्रमाणित कॉम्प्युटर’ या शब्दांवर असेंबल केलेल्या मशीनचं घोडं अडतं. ब्रँडेड डेस्कटॉपची नोंदणी संपूर्ण यंत्राची असते. असेंबल केलेल्या मशीनमध्ये बघण्यासारखा भाग एकच, तो म्हणजे एसएमपीएस. त्याच्या लेबलवर बीआयएसचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक हवा. जुन्या मालावर मानक आयएस १३२५२ (भाग १) असेल, नव्यावर आयएस/आयईसी ६२३६८-१. हा आर-क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघा. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. नुसता छापलेला क्रमांक कुणीही छापू शकतो. लेबलवर काहीच नसेल तर साउंड कार्डाआधी एसएमपीएस बदला. अशा स्वस्त एसएमपीएसमध्ये इनपुटचा फिल्टर पुष्कळदा गाळलेला असतो: बोर्डावर कॉइल आणि कपॅसिटरची जागा असते, पण तिथे नुसती तार टाकलेली. मग कितीही भारी कार्ड घाला, रेकॉर्डिंगमध्ये करकर राहणारच.

चिन्हांचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली आला आणि २०२१ मध्ये नव्याने काढला गेला. त्या यादीत लॅपटॉप-डेस्कटॉप, अ‍ॅडॅप्टर, कीबोर्ड, प्रिंटर, वायरलेस हेडफोन अशा वस्तू आहेत. कॅबिनेटच्या आत बसणारं साउंड कार्ड त्यात वेगळी वस्तू म्हणून नाही. ते थेट २३० व्होल्टला जोडलं जात नाही, मदरबोर्डवरच जगतं. म्हणून त्यावर आर-क्रमांक नसतो. बाहेरून वापरायच्या साउंड इंटरफेससोबत भिंतीत लावायचा अ‍ॅडॅप्टर आला असेल, तर त्या अ‍ॅडॅप्टरवर मात्र आर-क्रमांक असलाच पाहिजे.

कार्डात ब्लूटूथ असेल तर गोष्ट बदलते. रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते. तिला ईटीए म्हणतात. ती मिळवणं उत्पादकाचं किंवा आयातदाराचं काम आहे, तुमचं नाही. पण परदेशातून एखादं कार्ड परस्पर मागवलं की आयातदार तुम्हीच होता, हे ध्यानात ठेवा.

एफसीसी हा अमेरिकेचा नियम, त्याचा भाग १५. सीई ही युरोपची खूण. भारतात त्यांना कायद्याचं बळ नाही, तरी त्या निरुपयोगी नाहीत. एफसीसीचा ‘क्लास बी’ म्हणजे घरात वापरता येईल इतपत कमी रेडिओ-गोंधळ (आजूबाजूच्या यंत्रांत खरखर आणणाऱ्या लहरी) करणारी वस्तू. ‘क्लास ए’ म्हणजे कारखाना-कार्यालयासाठी, थोडी सैल मर्यादा. घरच्या स्टुडिओला बी हवा. त्याच कागदावर दोन अटी असतात ज्या कुणी वाचत नाही: जोडण्या शील्ड (धातूचं आवरण) असलेल्या वायरींनी करायच्या, आणि कार्डात परस्पर फेरफार केला तर मंजुरी संपली. कार्डाची मागची धातूची पट्टी कापून दुसऱ्या कॅबिनेटात बसवणं हा असाच फेरफार आहे. छोट्या कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीची पट्टी डब्यात मिळते का ते घेण्याआधीच विचारा.

आपल्या कायद्याने खोक्यावर जे हवंच ते वेगळं आहे. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापलेला असला पाहिजे. बहुतेक वेळा हा पांढरा स्टिकर असतो. तो नसेल तर माल आडवाटेने आलेला आहे आणि वॉरंटी मागायला तुम्हाला दार नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानदार कुरकुर करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

झिणझिण्या

एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत आणि एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. आतला रेडिओ-गोंधळ अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंग असेल तर पत्रा शून्यावर राहतो. अर्थिंग तुटलं की दोन कपॅसिटरांच्या मध्ये पत्रा लटकतो आणि त्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसतं. टेस्टरचा दिवा मंद पेटतो, हाताला मुंग्या येतात. करंट अगदी थोडा असतो (अशा यंत्रासाठी मानकातली कमाल मर्यादा ३.५ मिलिअँपिअर आहे, प्रत्यक्षात बहुधा एकाहून कमी), त्यामुळे लोक म्हणतात, ‘एवढं काय, चपला घाला.’

पण साउंड कार्ड बसलं की तो पत्रा टेबलाखाली राहत नाही, वायरीतून बाहेर येतो. जॅकचा बाहेरचा धातू, माइकची वायर, माइकची जाळी, गिटारच्या तारा हे सगळं त्या पत्र्याशीच जोडलेलं असतं. माइकची जाळी गाणाऱ्याच्या ओठांना लागते. उन्हाळ्यात फरशीवर पाणी मारलेलं असतं, पाय उघडे असतात, आणि शेजारी पत्र्याचा कूलर, ज्याच्या बॉडीला पुष्कळ घरांत अर्थिंगच नसतं. आज मुंग्या येतात. उद्या एसएमपीएसचं इन्सुलेशन गेलं तर त्याच जाळीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि अर्थिंग नसल्याने एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारं बटण) पडणार नाही. म्हणून म्हटलं, आधी हे.

तपासायला डिजिटल मल्टिमीटर पुरतो. एसी ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, पायात कोरड्या रबरी चपला, प्रोबच्या धातूला बोट नाही. सॉकेटकडे तोंड करून बघितलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. तीन मापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल साधारण २३०. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ, घरात थोडा लोड चालू असताना, दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ ६० ते १३० च्या दरम्यान हेलकावे खात असेल तर अर्थिंगची वायर कुठेच पोहोचलेली नाही. न्यूट्रल ते अर्थ आठ-दहा व्होल्ट असेल तर कुठला तरी जोड ढिला आहे. फेज डाव्या बाजूला सापडला तर बोर्डाचं बटण बहुधा न्यूट्रल तोडतंय. बटण बंद केलं तरी आत करंट उभाच.

आणि न्यूट्रल ते अर्थ बरोबर शून्य येत असेल, मोटर किंवा इस्त्री चालू केली तरी शून्यच, तर खूश होऊ नका. बोर्डाच्या आत कुणीतरी न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनेला टाकून दिलेली असण्याचा दाट संभव आहे. या जुगाडाने झिणझिण्या थांबतात, टेस्टर विझतो, सगळं ठीक वाटतं. मग एखाद्या वादळात खांबावरून किंवा डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) येणारा न्यूट्रल तुटतो, आणि घरातल्या दिव्यांमधून फिरून आलेला फेज थेट कॅबिनेटवर उभा राहतो. मुळीच अर्थिंग नसण्यापेक्षा हे वाईट आहे. ही वायर दिसली की त्याच दिवशी काढायला सांगा.

मल्टिमीटरची एक मर्यादा आहे. त्याला नावापुरताच करंट लागतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो फेज ते अर्थ २३० दाखवतो. खरी चाचणी अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर घेऊन परवानाधारक वायरमनने करायची. फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायची पद्धत गावोगाव आहे, पण अर्थिंग खराब असेल तर त्या वेळी त्या वायरीला जोडलेल्या घरातल्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीवर फेज येतो. ती घरच्या माणसाने करू नये.

दुरुस्तीबद्दल. आयएस ३०४३ नुसार जीआय पाइपचा इलेक्ट्रोड किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि किमान २.५ मीटर लांबीचा हवा. घराच्या कोपऱ्यात फूटभर ठोकलेली सळई म्हणजे अर्थिंग नव्हे. नळाच्या पाइपला वायर गुंडाळण्याचा जुना उपाय आता सोडा: जळगावात पीव्हीसी पाइप बनतात आणि खान्देशात घरोघर तेच आहेत, त्या प्लास्टिकला वायर बांधून काय होणार? बोअरच्या केसिंगचंही तेच. कॉम्प्युटरपुरता वेगळा खड्डा करण्याचा मोह होतो, विशेषतः ‘स्टुडिओला वेगळं अर्थिंग’ असा सल्ला मिळाल्यावर. नवा खड्डा जरूर करा, पण तो घराच्या मुख्य अर्थिंगला जाड वायरीने जोडलेला असू द्या. दोन वेगळी अर्थिंगं सुटी राहिली तर वीज पडल्यावर त्या दोघांत मोठा फरक तयार होतो, आणि तो फरक तुमच्या कार्डाच्या आणि अँप्लिफायरच्या मधल्या बारीक वायरीतून वाहतो.

मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अर्थिंगला तो पर्याय नाही, पण माणसाच्या अंगातून करंट गेला तर तोडणारी वस्तू तीच. एमसीबी ते काम करत नाही. कॉम्प्युटरची पॉवर कॉर्ड तीन पिनांची, प्लगवर आयएस १२९३ आणि वायरीवर आयएस ६९४ सह आयएसआय चिन्ह असलेलीच घ्या. तीन पिनांना दोन पिनांत उतरवणारा बारका कन्व्हर्टर स्टुडिओत नको. स्पाइक गार्डही अर्थिंगवरच उभा असतो; फेज किंवा न्यूट्रलवरून आलेला झटका तो जमिनीकडे वळवतो, आणि जमीनच नसेल तर वळवणार कुठे?

कोरडी हवा

फेब्रुवारी ते मे आपल्याकडे हवा फार कोरडी असते. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा अंगावर साठणारी स्थिर वीज हा साउंड कार्डाचा खरा शत्रू. माणसाला ठिणगी जाणवते ती सुमारे ३,००० व्होल्टला. चिप त्याहून फार कमी व्होल्टेजला बिघडते. म्हणजे काहीच जाणवलं नाही तरी कार्ड मेलेलं असू शकतं. आणि ते एकदम मरतच नाही. एक चॅनेल दबका होतो, महिनाभराने सळसळ सुरू होते, आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो.

सुती कपडे घाला, लाकडी टेबलावर काम करा. सतरंजी, चादर, प्लास्टिकची खुर्ची, नायलॉनची साडी यांपासून दूर. रिस्ट स्ट्रॅप स्वस्त असतो, घ्याच; त्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा. स्ट्रॅपमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टशी गाठ पडली तर अंगातून जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर जातो. म्हणूनच मनगटाला नुसती उघडी तार बांधून स्ट्रॅप बनवू नका.

प्लग लावून ठेवून फक्त बटण बंद करावं, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं, असा सल्ला तुम्हाला मिळेल. आपल्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असण्याचं प्रमाण बघता तो सल्ला नको. प्लग सॉकेटमधून काढा. मॉनिटर, स्पीकर, ब्रॉडबँडची वायर सगळं काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. प्लग असेपर्यंत मदरबोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो, तो असा रिकामा होतो. बोर्डावरचा बारका दिवा विझला की हात घाला.

कूलर चालू असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर नको. खोलीत थोडा ओलावा आलेला बरा, कार्डावर पाण्याचे तुषार नकोत. जिनिंगच्या जवळ राहत असाल तर कपाशीचं तंतू-तंतू झालेलं किटण स्लॉटमध्ये बसलेलं असतं. ते कोरड्या ब्रशने काढा, ब्लोअर वापरला तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

बसवणं

साध्या एक्स१ (सर्वात छोट्या स्लॉटच्या) कार्डाला स्लॉटमधून १० वॅटची मर्यादा आहे. काही कार्डांना वेगळी पॉवर वायर लागते. ती एसएमपीएसच्या मूळ कनेक्टरवरून द्या. चार पिनांच्या जुन्या मोलेक्सवरून साटामध्ये बदलणारे, प्लास्टिकमध्ये ओतून बनवलेले कन्व्हर्टर टाळा. त्यांच्या आत तारा एकमेकींजवळ असतात, प्लास्टिक तापून मऊ झालं की शॉर्ट होऊन पेटतात.

ग्राफिक्स कार्डाला लागून असलेला स्लॉट सोडा, मध्ये एक तरी रिकामा ठेवा. बाहेर ४४ अंश असताना कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच जास्त असतं, आणि पुष्कळ कार्डांची लिखित मर्यादा ५० च्या आसपास असते.

मागची कोरी पट्टी काढताना तिच्या कडा कापतात, सांभाळा. कार्ड कडेला धरून, सोनेरी टोकांना बोट न लावता, सरळ खाली दाबा. तिरकं बसलं तर एका बाजूला सोनेरी टोकं जास्त दिसतात. मग स्क्रू. हा स्क्रू कार्ड हलू नये म्हणून आहे असं वाटतं, आणि पुष्कळ जण तो लावतच नाहीत. पण त्या स्क्रूमुळे कार्डाची धातूची पट्टी कॅबिनेटच्या पत्र्याला घट्ट टेकते, जॅकच्या शील्डवर आलेला रेडिओ-गोंधळ तिथून उतरतो. स्क्रू नसेल तर मोबाइल जवळ आला की रेकॉर्डिंगमध्ये ‘टक-टक-टर्र’ येतं. पट्टीच्या जागी रंगाचा थर असेल तर तेवढी जागा खरवडून मोकळी करा. एक स्क्रू आत पडला आणि सापडला नाही, तर सापडेपर्यंत मशीन चालू करू नका. कॅबिनेट उलटं करून हलवा.

न वापरलेल्या स्लॉटच्या कोऱ्या पट्ट्या परत लावा. आत काही पेटलं तर ज्वाळा बाहेर येऊ नये आणि गोंधळ बाहेर पडू नये, या दोन्ही चाचण्या बंद कॅबिनेटवर होतात. उन्हाळ्यात ‘हवा लागावी’ म्हणून बाजूची पट्टी कायमची काढून ठेवली तर क्लास बी कागदापुरता उरतो, आणि लहान मूल किंवा पाल आत शिरायला वाट होते.

पुढच्या पॅनेलची वायर नऊ पिनांच्या हेडरवर (उभ्या पिनांच्या जोडणीवर) जाते, आठव्या जागी पिन नसते. वायरीवर एचडी ऑडिओ आणि एसी ९७ असे दोन कनेक्टर असतील तर एचडी लावा. मागच्या जॅकचे रंग ठरलेले आहेत: गुलाबी माइक, फिकट निळा लाइन-इन, पोपटी स्पीकर किंवा हेडफोन. काही कार्डांवर सगळे काळे असतात, तिथे चित्र बघा.

अँप्लिफायरला जोडताना

सर्वात महाग चुका इथे होतात. मंदिरात, ग्रामपंचायतीत वापरायच्या अँप्लिफायरला पुष्कळदा १०० व्होल्टची लाइन असते, लांबच्या भोंग्यांसाठी. त्यावरून रेकॉर्डिंग घ्यावं म्हणून कुणी ती साउंड कार्डाच्या लाइन-इनला लावली तर कार्ड तर जातंच, पण त्या पिनेला हात लागला तर शॉकही बसतो. लाइन-इनला एक-दोन व्होल्ट पुरतात. अँप्लिफायरच्या मागे ‘लाइन आउट’ किंवा ‘रेकॉर्ड’ लिहिलेलं भोक शोधा; ते नसेल तर त्या अँप्लिफायरवरून घेऊ नका. स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट कार्डाच्या ३.५ मिलिमीटर जॅकमध्ये नसतात आणि तिथे द्यायचेही नसतात.

मग येते ५० हर्ट्झची गुणगुण. अँप्लिफायर एका बोर्डावर, कॉम्प्युटर दुसऱ्यावर, दोन्हींचं अर्थिंग लांबून फिरून आलेलं, आणि मधली ऑडिओ वायर त्या दोघांना जोडून वर्तुळ पूर्ण करते. यावर गावात एकच उपाय सांगतात: अँप्लिफायरची अर्थची पिन तोडा. गुणगुण खरंच थांबते. पण आता अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला तर त्याचा करंट साउंड कार्डातून आणि माइक धरलेल्या हातातून जमीन शोधेल. पिन तोडू नका. आधी दोन्ही वस्तू एकाच बोर्डावरून चालवा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, किंवा कार्डाला आणि समोरच्या यंत्राला सोय असेल तर ऑप्टिकल वायर वापरा. प्रकाशाच्या वायरीत अर्थिंगचं वर्तुळ होऊच शकत नाही. सगळी जोडणी दोन्ही यंत्रं बंद असताना करा, कारण ३.५ मिलिमीटरची पिन आत सरकताना टोकाचा भाग आधी टेकतो आणि अर्थचा नंतर.

कार्ड स्वतः गोंधळ करतंय का हे बघायला एक साधा ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या, मध्यम लहरींवर आकाशवाणी जळगाव लावा आणि कॅबिनेटजवळ न्या. मीटरभरावर खरखर पूर्ण थांबत असेल तर ठीक. खोलीभर राहत असेल तर पट्टीचा स्क्रू, कोऱ्या पट्ट्या आणि अर्थिंग पुन्हा तपासा, याच क्रमाने.

नवा ड्रायव्हर टाकल्यावर आवाज बहुतेक वेळा १०० टक्क्यांवर असतो. काही कार्डं ६०० ओहमचे हेडफोन चालवण्याइतकी ताकदीची असतात; साधे ३२ ओहमचे हेडफोन त्यावर कानाला इजा करू शकतात. आधी आवाज दहावर आणा, मग हेडफोन कानाला लावा. स्पीकरवर वाजवायचं असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. घरच्या साउंड सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलपेक्षा वर जाता कामा नये.

जबाबदारीचं

वॉरंटीतल्या ब्रँडेड मशीनवर सील असेल तर उघडण्याआधी सेवा केंद्राकडून लेखी विचारून घ्या. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या मशीनला देखभालीचा करार असतो, तिथे स्वतः हात घालू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, पण कागदात सांगितलेल्या जागी कार्ड बसवणं म्हणजे फेरफार नव्हे. बसवण्याआधी आणि नंतर आतले दोन फोटो काढून ठेवा, बिलासोबत.

जुनं कार्ड भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि बोर्डातलं शिसं मातीत जातं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी झालेल्या पुनर्चक्रकाकडेच ते गेलं पाहिजे. ब्रँडेड कार्ड असेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेला परत घेण्याची सोय विचारा.

अर्थिंगचं माप कधी घ्यायचं हेही सांगतो. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि तेव्हा कुठलाही खड्डा उत्तम माप देतो. मेमध्ये तीच माती भेगाळते, पाइपापासून सुटते आणि रोध कितीतरी पट वाढतो. ऑगस्टमध्ये घेतलेल्या मापावर विसंबून मेमध्ये रेकॉर्डिंग करू नका. एप्रिल लागला की खड्ड्याच्या नरसाळ्यातून दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी सोडा, आणि वायरमनला मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोलवा.